तिसऱ्या कॅमेऱ्याचा बांबू

“ही पोर बोलत न्हाई, नुसती बघत बसती,” चहा देणाऱ्या मावशी माझ्या पाठीमागे कुणाला तरी म्हणाल्या.

“बघायलाच ठेवलीय तिला,” तो म्हणाला, आणि दोघं हसली. मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

वराळ्याच्या मैदानावर अंतिम सामना चालला होता. मैदानाच्या कडेला बांबूंवर आमचे तीन कॅमेरे होते. तिघांच्या नजरा जिथे मिळतात, तिथे चेंडू. पायचीतचं अपील झालं की त्यावरून चेंडूची रेघ काढून मोठ्या पडद्यावर टाकायची, आणि पंच तीच मानायचे. न बोलता करता येणारं काम, म्हणून मी घेतलेलं.

डाव थांबवून पाहुण्यांचे सत्कार झाले. शाल, नारळ, फेटे. पाहुणे वाढतच होते. तेवढा वेळ मी टेबलाखालच्या वायरी तपासत राहिले, पुन्हा पुन्हा, काही बिघडलेलं नसताना.

खेळ सुरू झाला आणि लगेच अपील झालं. कान्हे गावाच्या संघाची शेवटची जोडी खेळत होती, थोड्याच धावा हव्या होत्या. पडद्यावर रेघ उमटली: चेंडू थेट मधल्या यष्टीवर. पण माझ्यासमोर दोन कॅमेऱ्यांच्या नजरा जुळत होत्या आणि तिसऱ्याची वीतभर लांबून जात होती. सॉफ्टवेअरने तिघांच्या मधून आपली एक सुबक रेघ काढून दिली होती.

मी वर पाहिलं. सत्काराच्या वेळी पाहुण्यांच्या सोफ्यांना जागा व्हावी म्हणून मंडपवाल्यांनी तिसरा बांबू उपटून पलीकडे रोवला होता, वर झेंडूची माळही गुंडाळली होती. त्यांच्या लेखी तो मंडपाचाच बांबू.

शेजारी आमच्या कंपनीचे सर बसले होते, त्यांना मी हळूच सांगितलं. त्यांनीही बांबूकडे पाहिलं, पण म्हणाले, आता गप्प बस, उद्या बघू. पंचांचं बोट वर गेलं होतं. फलंदाज हेल्मेट काढून, मान खाली घालून निघाला होता. माझ्या डोक्यात वाक्य जुळत होतं, मोडत होतं. तो सीमारेषेपर्यंत आला तेव्हा मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली. समालोचकाने वळून पाहिलं, काय झालं मॅडम, म्हणत माइक पुढे केला.

“त्यांना जाऊ देऊ नका,” मी म्हणाले. “आमचा कॅमेरा हललाय. ते आउट आहेत की नाही, मला माहीत नाही.”