तांड्यावरच्या बाईंचा ग्रुप

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामसेविका होते. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच काढला होता. त्यावर शासनाची परिपत्रकं टाकायची, आणि कोणी नळाबद्दल कुरकुर केली की लिहायची, तक्रारी इथे नकोत, कार्यालयात अर्ज द्या. हळूहळू ग्रुप शांत झाला. मला ते शिस्तीचं लक्षण वाटायचं.

नाल्यापलीकडे बंजारा तांड्याची ग्रामपंचायत होती. तिथल्या सरपंच माझ्याहून लहान, बी.ए. झालेल्या, बोलायला फटकळ. त्या लिहीत नसत, आपल्या आवाजात निरोप टाकत, आधी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, मग वऱ्हाडीत. लोक त्यांना ग्रुपवरच रागवत आणि त्या तिथेच उत्तर देत. फेसबुकवर त्यांच्या ग्रामसभेला गर्दी दिसली की मी फोन पालथा ठेवायची. आमच्या ग्रामसभेत खुर्च्या रिकाम्या असायच्या.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या हिवाळ्यात दोन्ही गावांचे पंचनामे एकाच आठवड्यात लागले. पंचनामा होईपर्यंत पीक उभं ठेवा, हा आदेश मी जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. तलाठ्यांसोबत शिवारात गेले, तर कितीतरी जणांनी कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून गहू पेरायची तयारी चालवलेली. पण नाल्याकाठच्या एका बाईंच्या शेतात पीक उभं होतं. आदेश वाचलात ना, असं मी आनंदानं विचारलं.

"तुमचा कागद तं उघडतच नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी तांड्यावरच्या ग्रुपात हाओ. पऱ्हाटी उपटू नोका, असं त्या सरपंच बाईनं सांगतलं."

आमच्या गावचे बरेच जण त्या ग्रुपात होते, हे मला तेव्हा कळलं. पिकाच्या नुकसानीपेक्षा तेच मला जास्त झोंबलं. उपटलेल्या शेतांसाठी वाळलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग आणि शेजाऱ्यांचे जबाब धरून पंचनामे करून घेताना तलाठ्यांची आणि माझी दमछाक झाली.

त्यानंतर मीही आवाजात निरोप टाकायला लागले. पहिला पाणीपट्टीचा होता. एकानं लिहिलं, मॅडम बातम्या देऊन राहिल्या. मी त्याला ते पुसायला सांगणार होते, तेवढ्यात दुसऱ्यानं विचारलं, आमच्या गल्लीतला दिवा कधी लागणार? ते काम राहून गेलं, हे मी ग्रुपवरच कबूल केलं आणि दोन दिवसांत दिवा लावून घेतला. मग प्रश्न थांबेनात. पुढच्या ग्रामसभेला बायका सतरंजीवरही मावल्या नाहीत.

पंचायत समितीच्या बैठकीत मात्र आदर्श म्हणून पडद्यावर तांड्याचाच ग्रुप दाखवला गेला. सरपंच बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. तुमच्या गावातही आता छान चाललंय म्हणे, असं त्या मनापासून म्हणाल्या. मी टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबवल्या.

परतताना नाल्याकाठच्या त्या बाई भेटल्या. आता तुम्ही आमच्या ग्रुपवरही बोलायला लागलात, मग तिकडचा सोडला असेल, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कायले सोडू?" त्या म्हणाल्या. "त्या सरपंच बाई लय गोड बोलतात."