कारखान्यातल्या खुणा

कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात कुणी तोंडाने बोलत नाही. टेमघरच्या कारखान्यात आमचे हे लूम चालवायचे आणि मी धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचे, तेव्हा आमचं लग्नही हातवाऱ्यांवरच जमलं म्हणा. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. दोन्ही मुठी मागेपुढे म्हणजे लूम चालू. म्हणून ह्यांचा आवाज बसला ते तिथे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला आलं, कारण घरी भांडताना माझाच एकटीचा आवाज यायला लागला.

"काय न्हाय गं, धूळ हाय," हे म्हणायचे. मी कसली ऐकतेय! ओढत दवाखान्यात नेलं, तिथून मुंबईला.

मोठे डॉक्टर म्हणाले, "ताई, हृदयातून निघालेली मुख्य रक्तवाहिनी छातीत कमानीसारखी वळते, तिथे फुगा आलाय. तो आवाजाची नस दाबतोय. फुटला तर माणूस हाती लागायचा नाही." आधी छाती उघडून मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताला दुसरी वाट करून द्यायची, मग जांघेतून एक कापडी नळी वर सरकवून फुगा आतून बंद करायचा, असा त्यांचा बेत होता.

"कापड कसलं?" ह्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"पॉलिएस्टर."

"मग टिकंल."

धोका मात्र डॉक्टरांनी लपवला नाही. मेंदूला रक्त कमी पडलं तर एक बाजू लुळी पडेल, कदाचित माणसंही ओळखू येणार नाहीत. मी म्हटलं, करा. हे बरे होणार, मला खात्री होती.

ऑपरेशनला दिवस गेला. दुसऱ्या सकाळी ह्यांनी डोळे उघडले. तोंडात नळी. नर्स सारखी सांगत होती, "काका, माझा हात दाबा." हे नुसते छताकडे बघत होते. डॉक्टरांनीही हाक मारून पाहिली. मला रागच आला.

"सरका जरा," म्हटलं, आणि ह्यांच्या समोर उभी राहून दोन बोटांची कात्री केली. तुटला का धागा?

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सलाइनसकट दोन्ही मुठी हळूहळू उचलल्या आणि मागेपुढे केल्या. दोन्ही. मग उजव्या हाताची बोटं जुळवून तोंडाकडे नेली.

"भूक लागली का त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. मला जेवून ये म्हणतात."

रोज दुपारी लूमपलीकडून हे मला तेच सांगायचे. आदल्या सकाळपासून मी अन्नाला शिवले नव्हते. तिथेच उभ्या उभ्या रडले, मग कँटीनमध्ये जाऊन पोटभर जेवले.