पायाखालचं वाद्य

माझ्या वरच्या खोलीतला भाडेकरू कन्नड तालुक्याकडच्या लग्नांत गिटार वाजवतो. चाळिशी उलटली तरी जिना उड्या मारत उतरतो. बोलताना शेवटी "म्हणजे कसं" म्हणतो आणि कसं ते कधीच सांगत नाही.

परवा वरून करवत चालल्यासारखा आवाज आला. माझे फडताळातले डबे थरथरले. खोली सोडायला सांगायची, असं ठरवून मी वर गेले.

तो अनवाणी उभा होता. समोर वायरींनी जोडलेल्या पत्र्याच्या रंगीत डब्या होत्या. त्यांना पेडल म्हणतात. लाल डबी पायानं दाबली की गिटार गुरगुरते, निळी दाबली की आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. पण पाय देण्याआधी तो वाकून डबीला हात लावायचा आणि कपाळाला न्यायचा.

"हे काय रे?"

"वाद्याला पाय लागतो ना, मावशी. आधी माफी मागितलेली बरी, म्हणजे कसं."

"खोली सोड. लई कालवा होतो."

त्याचं तोंड उतरलं. आधीच्या घरातूनही त्याला या आवाजापायीच काढलं होतं.

"सोडतो. पण एकदा तुम्ही दाबून बघा."

"मी? या वयात वाद्याला पाय लावू?"

तरी मी वाकले, निळ्या डबीला नमस्कार केला आणि पाय दिला. त्यानं तार छेडली. अख्खी खोली घुमली. मला हसूच फुटलं.

"मग खोलीचं?" त्यानं भीत भीत विचारलं.

"दुपारी मी झोपले की गप बसायचं. आता सरक तिकडं, ती लाल कशी गुरगुरते बघू दे."