मंगळवारची सही

मी मुळातच भित्री. घरात पाल निघाली की मी अंगणात आणि अंगणात कुत्रं आलं की मी घरात, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हसत सांगायची. पण ती भीती तेवढ्यापुरती असायची. खरी भीती काय असते ते मला सांगलीच्या कॉलेजात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, केमिस्ट्रीच्या लॅबच्या दारात कळलं.

त्या दारावर नियमांचा कागद चिकटवलेला होता. प्रॅक्टिकल आठला सुरू, आठ दहाला दार आतून बंद. ॲप्रन नसेल तर प्रवेश नाही. मागच्या प्रयोगाची आकडेमोड घरून करून आणायची, ती दारातच दाखवायची, मग आत पाऊल टाकायचं. जर्नलवर आठ दिवसांच्या आत सही घ्यायची. हजेरीच्या तक्त्यावर ज्याची सही त्यानेच करायची. आणि सगळ्यात खाली लाल शाईने लिहिलं होतं की सत्रातल्या बारा प्रॅक्टिकलपैकी नऊ भरली नाहीत तर जर्नलवर शेवटची सही मिळणार नाही, आणि ती नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही.

विभागप्रमुख मॅडमनी हा कागद पहिल्या दिवशी आम्हाला वाचून दाखवला होता. त्या आवाज कधी चढवायच्या नाहीत. ओरडणाऱ्या माणसांची मला सवय आहे, आमच्याकडे माया करतानाही ओरडूनच करतात. मॅडम मात्र नुसतं चष्म्यावरून बघायच्या आणि मी वहीत तोंड घालायचे.

आमचं गाव तासगावच्या पुढे. द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. बाबा फौजेत, त्यामुळे घरी आई आणि मी. जानेवारीनंतर माल उतरायला लागला की द्राक्षं कुणाच्या वेळापत्रकाकडे बघत नाहीत. ती काढायची, पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची. पाण्यात पावडर किती, तेल किती, हे आईला मीच मोजून द्यायचे. म्हणजे घरी मी केमिस्ट्री करत होते आणि त्याच पायी कॉलेजात केमिस्ट्रीला माझी गैरहजेरी लागत होती. असे तीन मंगळवार गेले. आता उरलेले नऊच्या नऊ भरायचे, एकही सोडायचा नाही, अशी वेळ आली.

बाबांचा फोन रविवारी यायचा. बरी आहेस का, जेवलीस का, हे नंतर. पहिला प्रश्न, "हजेरी किती?"

"सगळी हाय, बाबा."

"असं पायजे. नाव पुकारलं की माणूस तितं हुबा पायजे. आजारी हाय, गाडी चुकली, ते मागनं सांगायचं."

मी "व्हय" म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळच्या एसटीचं चाक कवलापूरच्या अलीकडे पंक्चर झालं. दुसरी गाडी येईपर्यंत रस्त्यावर उभं राहून मी घड्याळ किती वेळा बघितलं, त्याचा हिशेब नाही. लॅबपाशी पोचले तेव्हा आठ पंचवीस झाले होते. दाराच्या काचेतून आतले पांढरे ॲप्रन दिसत होते. माझी लॅबमधली जोडीदारीण, लोणंदची, हॉस्टेलवर राहायची, ती आमच्या टेबलावर एकटीच उभी होती. दार वाजवायची माझी छाती झाली नाही. मी जिना उतरून खाली गेले आणि स्टोअरच्या पायरीवर बसून रडायला लागले.

स्टोअरमध्ये मामा होते. कॉलेजातल्या सगळ्याच शिपायांना मुलं मामा म्हणतात, पण लॅबचे मामा म्हणजे हेच. बाटल्या भरणं, काचेची भांडी धुणं, पोरींनी फोडलेल्या परीक्षानळ्यांचे तुकडे वेचणं, सगळं त्यांच्याकडे. कंत्राटी होते, पण कायम असलेल्यांपेक्षा लवकर यायचे. ते डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरायला लावून बसले होते. ते पाणी थेंब थेंब गळतं, त्यामुळे तिथून हलता येत नाही.

"काय गं, रडतीस कशापायी?"

"मामा, दार लागलं. आता मला परीक्षेला न्हाई बसू द्यायच्या."

"दार लागलं म्हंजे जग बुडालं व्हय? बस हितं. कॅन भरस्तवर मला बी सोबत."

त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. मग त्यांच्या धाकट्या लेकीचं सांगायला लागले. ती शाळेत कशी वेंधळी होती, एकदा तर दप्तर घरी ठेवून जेवणाचाच डबा घेऊन गेली होती. मला हसू आलं. तेवढ्या अर्ध्या तासात मी भ्याले नव्हते, म्हणून तो मला अजून नीट आठवतो.

मग वरून किंकाळी आली. "पाणी, पाणी" असा गलका झाला. मामा कॅन तसाच सोडून जिन्याने वर पळाले. मी काय केलं? मी उलट्या दिशेने पळाले. कुणीतरी मला खाली बघेल, एवढंच डोक्यात होतं. स्टँडवर पोचले आणि जोडीदारणीचा मेसेज आला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सौम्य ॲसिड म्हणून जी बाटली उचलली, त्यात तीव्र ॲसिड होतं. तिचा हात भाजला. दवाखान्यात नेलंय, बरी आहे. खाली आणखी एक ओळ होती, "तुझी सही मी केलीये, टेन्शन घेऊ नको."

मला आधी बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्या मुलीच्या हाताआधी मला माझ्या नऊ सह्यांचं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या तक्त्यावर सही असलेल्या सगळ्यांना मॅडमनी बोलावलं. एकेक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "काल जे पाहिलंत ते स्वतःच्या शब्दांत लिहा." मी काय पाहिलं होतं? चहाचं झाकण.

आता आमच्या लॅबची एक रीत सांगायला हवी. वरच्या वर्गाची जर्नलं खालच्या वर्गाकडे येतात. कुठल्या प्रयोगाला ब्युरेटवर काय रीडिंग यायला पाहिजे, ते त्यात आधीच असतं. मग आपलं आलं नाही तरी आलं म्हणून लिहायचं. त्याला कुणी खोटं म्हणत नाही, जर्नल पूर्ण करणं म्हणतात. दीड वर्षात आमचा हात असा तयार झाला होता की शेजारणीच्या वहीवर नजर गेली की पेन आपोआप चालायचं. त्या दिवशीही तेच झालं. माझी नजर जोडीदारणीच्या कागदावर गेली आणि मी उतरवून काढलं. 'साडेआठनंतर लॅबमधील मामांनी ॲसिडची बाटली आणून शेजारच्या टेबलावर ठेवली, हे मी प्रत्यक्ष पाहिले.'

'पाहिले' लिहून टिंब दिलं आणि मग मला कळलं मी काय लिहिलंय ते. तोवर मॅडमनी कागद ओढून घेतला होता. सगळ्या टेबलांवरून तेच वाक्य आलं होतं, शब्दाला शब्द. पहिल्यांदा ते कुणी लिहिलं, ती बाटली कपाटातून खरी कुणी काढली, ते मला आजही माहीत नाही.

मॅडमनी मामांना आत बोलावलं, आमच्यासमोरच.

"साडेआठनंतर तुम्ही कुठे होता?"

"खाली. पान्याचा कॅन भरत हुतो, मॅडम."

"बरोबर कोण होतं?"

मामांनी आमच्याकडे बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची नजर फिरली, माझ्यावरून गेली, थांबली नाही.

"कोन न्हाई. एकटाच हुतो."

त्या आठवड्यात मी कुणाकुणाला घाबरले नाही! मॅडमना तर भीतच होते, आता मामांनाही भ्यायला लागले. ते समोरून आले की मी वळून दुसऱ्या जिन्याने जायचे. एसटीत कंडक्टरने "कुठं?" विचारलं तरी मी दचकायचे. आईने दोनदा विचारलं काय झालं म्हणून, मी परीक्षेवर ढकललं.

सोमवारी कळलं की महिना संपला की मामांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. मी धीर करून त्यांना गाठलं. ते नळाखाली बाटल्या धूत होते.

"मामा, आवं तुमी माझं नाव का न्हाई घेतलंत?"

"काय म्हनून घेऊ? तू खाली हुतीस, तर वर सही कुनाची? तुझं वरीस जातंय की. मी काय, कुटं बी बाटल्या धुईन."

मला त्यांचा रागच आला. असा उपकार करायला त्यांना कुणी सांगितलं होतं? माझ्यासारख्या भित्रीच्या डोक्यावर एवढं ओझं ठेवून ते खुशाल बाटल्या खळखळवत होते. मी तिथून निघाले आणि जोडीदारणीला सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. "वेडी झालीस काय गं? माझं पण जाईल ना!" तिचंही बरोबर होतं. तिने माझ्यासाठीच केलं होतं.

मंगळवारी मी मॅडमच्या केबिनबाहेर उभी राहिले. दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा मॅडमच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय काम आहे?"

मी उभ्या उभ्या सांगितलं. चाक, जिना, कॅन, चहा. मामा साडेआठच्या आधीपासून ते किंकाळी येईपर्यंत माझ्यासमोर बसले होते. मी वर नव्हतेच. मी इतकं भराभर बोलत होते की मध्ये एकदा मॅडम म्हणाल्या, "सावकाश." त्यांनी हजेरीचा तक्ता काढला.

"मग ही सही कुणाची?"

"माझी नाही, मॅडम. एवढंच सांगते."

"अक्षर मला ओळखता येतं," त्या म्हणाल्या. तेवढंच. लाल पेनाने त्यांनी माझ्या सहीवर रेघ मारली आणि पुढे गैरहजर लिहिलं. मग मी लिहून दिलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "यावर काय लिहायचं ते आता खरंच स्वतःच्या शब्दांत लिही."

बारापैकी आठच भरली. परीक्षेला बसता न येणाऱ्यांची यादी लागली, त्यात माझं नाव वरून दुसरं होतं. माझं प्रॅक्टिकल पुढच्या वर्षावर गेलं. जोडीदारणीचाही त्या दिवसाचा एक मंगळवार कापला, पण ती परीक्षेला बसली. सत्र संपेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. रविवारी फोन आला.

"हजेरी किती?"

"आठ, बाबा. बारापैकी." आणि मग सगळं सांगितलं, तीन मंगळवारांचं खोटंसुद्धा.

"आता सांगितलीस ती तरी खरी हाय न्हवं?"

"व्हय."

"बरं. आईला दे."

मामांची नोकरी गेली नाही. पण लॅबमध्ये नकोत म्हणून त्यांना गेटवर बसवलं. दोष सिद्ध झाला नव्हता, तरी खबरदारी म्हणे. मला वाटलं होतं ते येऊन दोन शब्द बोलतील. उलट त्यांनी तोंड फिरवलं. माझं वर्ष वाचवायचं त्यांनी ठरवलं होतं आणि मी ते घालवलं होतं, असंच त्यांना वाटत असणार.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा मंगळवारचं प्रॅक्टिकल करायला लागले, माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान मुलींबरोबर. एका मंगळवारी एसटी पुन्हा रखडली. मी गेटवर पोचले तेव्हा आठ वाजून चार मिनिटं झाली होती. गेट अर्धं लावलेलं, आणि समोर मामा, टेबलावर उशिरा येणाऱ्यांची वही घेऊन. दार लागायला सहा मिनिटं.

"नाव, येळ, सही," मामा म्हणाले.

"मामा, मी हाय. वळखलं न्हाईसा?"

"वळखलं की. नाव, येळ, सही."

"दार लागंल वो! तुमीच लिवा की माझं, मी पळते."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि पेन पुढे धरलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"न्हाई, पोरी. सही तुजी तूच कर."

मी नाव लिहिलं, आठ चार लिहिलं, सही केली. घाईत अक्षर वाकडं आलं, पण माझंच होतं. मग ॲप्रन काखेत मारून मी जिन्याकडे पळत सुटले.