शालनच्या आईला मी आत घेतलं नाही

लेबर रूममध्ये राबणाऱ्या नर्सेसनो, बाई दगावली की मेमो आपल्यालाच येतो.

एक नर्स, पाच टेबलं, आणि जाब मात्र तिलाच. यावर मी साताऱ्यात, सांगलीत घसा फोडून बोलले आहे. पुन्हा बोलेन.

आज नाही. आज शालनचा स्मृतिदिन, आणि तिच्या बाबतीत दोष माझा होता.

नव्वदचं दशक. मी मिरजेत नर्सिंगची स्टुडंट. शालन आष्ट्याजवळच्या वस्तीवरची, दुसऱ्या खेपेची.

कळ आली की ती मोठ्याने आईला हाक मारायची. दाराबाहेर बसलेली आई तिथूनच ओ द्यायची.

"ए, गप बस," मी म्हणाले. "शेजारची बघ, कशी शहाण्यासारखी पडलीय."

आमच्या ट्यूटर बाई वर्गात सांगायच्या, तिच्याशी बोलत राहा, तिचा हात धरा. ते आम्ही वहीत उतरवलं.
वॉर्डात मात्र सीनियर्सचं खेकसणं उचललं.

शालन गप बसली. ओठ चावून.

दुपारी तिला मुलगी झाली. मी खूश. परीक्षेला बसायला केस बुकात ठरलेल्या डिलिव्हरींची नोंद पूर्ण लागायची, आणि ही माझी त्यातली शेवटची. तिच्या अंगावर चादर ओढली आणि लिहायला बसले.

"बाई, गार लागतंय."

आणखी एक चादर टाकली. "पड आता गप."

मग दाराशी तिची आई.

"आवं बाई, मी हाक मारतीया, पोरगी ओ देत न्हाई."

"झोपलीय ती."

"न्हाई वं. ती झोपंतबी बडबडती. मला नुस्तं बघू द्या."

"आत यायला परवानगी नाही, मावशी. बाहेर बसा."

मावशी बाहेर बसली. मी रकाने भरले.

ट्यूटर बाई राउंडला आल्या. त्यांनी चादर उचलली. खालची गादी रक्ताने भिजली होती.

"किती वेळ गप आहे ही?"

मी एकदाही बघितलं नव्हतं. बाळंतपणानंतर पोटावर हात ठेवून बघायचं, रक्त किती जातंय ते बघायचं, सगळं मला तोंडपाठ होतं.

सगळे धावले. शालन राहिली नाही.

तिची आई तेव्हा रडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "मला कळलं व्हतं. तुमी आत घेतलं न्हाई."

आज मी साताऱ्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. प्रत्येक बॅचला शालन सांगते. मुली रडतात.

गेल्या आठवड्यात त्यांतलीच एक टेबलावरच्या बाईला म्हणाली, "ए, गप बस."

हुबेहूब माझा आवाज.

काय शिकवलं मी इतकी वर्षं? मला खरंच कळेनासं झालंय.

शालन, तुझी लेक आता तुझ्याहून मोठी असेल. तिच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही. तुला इथूनच हात जोडते.

आणि नर्सेसनो, या पोस्टखाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. 'आत यायला परवानगी नाही' असा नियम दाखवला कुणी, तर माझं नाव सांगा.

उद्या ड्यूटीवर गेलात की दाराबाहेर बसलेल्या आईला आत घ्या आणि लेकीच्या उशाशी बसवा.