शेंगेला तोंड असतं का

साल दोन हजार पंचवीस, आन् माझं वय अठ्ठ्याहत्तर. केदारखेड्याच्या वावरात भुईमुगातलं गवत काढत होतो, तेव्हा भोकरदनहून झुंबरशेठच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबूजी गेले." मी म्हणलो, "कुठं गेले?" मला खरंच वाटलं, माल आणायला जालन्याला गेला असंल. फोन ठेवला आन् परत गवत काढाया बसलो. सून पळत आली, तवा कुठं उठलो.

झुंबर माझ्याच वयाचा. बियाण्या-खताचं दुकान. घराणं राजस्थानचं, पण किती पिढ्यांपासून इथलंच. शिव्या आमच्याच द्यायचा. डोक्यावर काळी टोपी. गादीवर बसून दिवसभर शेंगा खायचा, आन् प्रत्येक शेंग आधी कानाशी धरून अंगठ्यानं दाबायचा. भरलेली असली तर दबकी फुटती, पोची असली तर फट्ट वाजती. मागच्या साली माझा भुईमूग गुडघ्याला लागला. लोक बघाया आल्ते. उपटला तर खाली सगळ्या पोच्या. मी तणतणत दुकानात गेल्तो.

"पाटील, तू वर जंगल केलंस," झुंबर म्हणला. "शेंगेला चुना लागतो. फुलाखालून निघालेल्या आऱ्या मातीत घुसल्या की बुडाशी जिप्सम टाकायचं."

"मुळाला खत घातलंय की मी."

"मुळानं ओढलेला चुना पानात जातो आन् तिथंच राहतो. खाली शेंगेत उतरत न्हाई. शेंग आपल्या सालीनंच मातीतून घेती."

"शेंगेला तोंड असतंय का रं?"

"असतंय. तुझ्याएवढं मोठं न्हाई."

दुकानातली माणसं हसली. मला ते आजबी पटत न्हाई. आई पोटभर जेवलेली आन् पोटातलं लेकरू उपाशी, असं कुठं असतंय? मंग यंदा ठरलं. एकच वावर, नदीकडच्या अर्ध्यात जिप्सम, विहिरीकडच्या अर्ध्यात न्हाई. जो हरंल त्यानं दुकानात सगळ्यांसमोर 'बराबर हाय तुझं' म्हणायचं. झुंबर म्हणला, "उपटताना मी समोर पाहिजे. तुझा भरोसा न्हाई, शेंगा बदलशील." मी म्हणलो, "तू आल्याबिगर एक डहाळा हलणार न्हाई." असा शब्द दिल्ता.

तो गेला, आन् पीक तयार झालं. पानं पिवळी पडली. थोरला पोरगा रोज म्हणायचा, दादा, उपटू द्या, माती आवळली तर शेंगा खालीच तुटून राहतील, पाऊस आला तर कोंब फुटतील. मी न्हाई म्हणायचो. शब्द माणसाला दिलेला. माणूसच न्हाई, तर शब्द आता कुणापाशी हाय? त्याचं खरं निघालं तर मी म्हणणार कुणाला? माझं खरं निघालं तर ऐकणार कोण? घरात सगळे चिडलेले. शेवटी सून म्हणली, "मामा, माझ्या लग्नात आजोबाला येता आलं न्हाई, तर त्यांचं पागोटं ठेवलं होतं पाटावर. शेठजीची टोपी आणा की."

भोकरदनला गेलो. गादीच्या कडेला अजून शेंगांची फोलं होती. वर खुंटीला टोपी. झुंबरच्या मुलानं कशाला ते विचारलं न्हाई. फडक्यानं पुसली आन् हातात दिली. एवढंच म्हणला, "काका, परत आणा. आई रोज बघती तिच्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वावराच्या कडेला धुऱ्यावर टोपी ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही बाजूनं ढेकळं लावली. नदीकडचा, जिप्सम टाकलेला एक डहाळा उपटला. शेंग पुसली, टोपीजवळ धरून अंगठ्यानं दाबली. भरलेली. विहिरीकडचा उपटला, दाबली. तीबी भरलेली. आणखी डहाळे उपटले, दाबत गेलो. दोन्हीकडं सारखंच. मंग मागच्या साली पोच्या कशानं झाल्या? आन् आता 'बराबर हाय तुझं' म्हणायचं कुणी? शेवटी फुटलेल्या शेंगांतले दाणे टोपीसमोर ठेवले, थोरल्याला हाक मारली, आन् पुढची ओळ उपटाया घेतली.