बांड्या बैलाचा ओटीपी

घाटंजीच्या बसस्टँडजवळ प्रफुल्लचं ऑनलाइन सेंटर आहे. त्याच्याइतका कामसू आळशी माणूस अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही. एकच काम दुसऱ्यांदा करायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं, आणि ते करावं लागू नये म्हणून तो पंधरवडाभर राबतो.

गिऱ्हाइकं मोबाइलवर नाना तऱ्हेच्या लिंका घेऊन येत. कुणाची पीकविम्याची पावती, कुणाचा माती तपासणीचा अहवाल, कुणाच्या पोराचा निकाल. प्रफुल्लनं ती फाइल उतरवायची, डाउनलोडच्या ढिगातून शोधायची, छापायची. महिन्याभरानं तोच माणूस पुन्हा दारात हजर: "प्रफुल्ल, तो कागद हरपला बे."

शेवटी त्यानं व्हिडिओ पाहून पाहून एक स्क्रिप्ट लिहिली. वेबपेजवर आपलं नाव आणि मोबाइल नंबर टाकायचा, त्यावर आलेला ओटीपी टाकायचा, लिंक चिकटवायची. पुढं स्क्रिप्ट लिंकवरच्या दूरच्या सर्व्हरवर जाऊन फाइल आणणार आणि त्या नंबरच्या फोल्डरात ठेवणार. हे घरबसल्याही जमणार, म्हणजे प्रफुल्ल हात झाडून मोकळा.

पहिल्याच दिवशी स्क्रिप्टनं कुठल्याशा सर्व्हरवरची 'थोड्या वेळानं प्रयत्न करा' ही पाटीच पावती समजून प्रत्येकाच्या फोल्डरात नेऊन ठेवली. सेंटरवर झेरॉक्सचं काम त्याची बायको साधना पाहते. ती म्हणाली, "काही म्हणा, तुमच्या स्क्रिप्टनं दुजाभाव नाई केला. सगळ्याइले सारखंच वाटलं."

प्रफुल्लनं त्याच रात्री बसून आणलेली फाइल खरी आहे की नुसती पाटी, हे तपासायची सोय करून टाकली. त्यानंतर स्क्रिप्ट शहाण्यासारखी वागू लागली आणि प्रफुल्लची कॉलर ताठ झाली. ती डोमाजीकाकांच्या फोल्डरापर्यंत ताठच राहिली.

डोमाजीकाका जवळच्या खेड्यातले. दर आठवडी बाजाराला सेंटरवर यायचे, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर आपलं फोल्डर उघडून बसायचे आणि चहा गार होईस्तोवर बघत राहायचे. काय बघतात, हे कामाच्या गर्दीत प्रफुल्लनं कधी पाहिलं नव्हतं. एकदा आपल्या सर्व्हरवर जागा कमी पडली म्हणून त्यानं फोल्डरं चाळली, तर काकांच्या फोल्डरात एका तान्ह्या मुलीचे फोटोच फोटो! पालथी पडलेली, टोपडं ओढणारी, भोकाड पसरलेली. डोमाजीकाका आणि त्यांच्या पत्नी तुळसाबाई यांना तर मूलबाळ नाही.

स्क्रिप्ट चुकली, दुसऱ्याच्या फायली यांच्या पदरात घालते आहे, या विचारानं प्रफुल्लला घास गोड लागेना. त्यानं एकेक ओळ तपासली. चूक सापडली ती माणसात. मुलगी निशिगंधाची, आणि निशिगंधा पुंडलिकरावांची लेक, नागपूरला दिलेली. पुंडलिकराव म्हणजे डोमाजीकाकांचे सख्खे धाकटे भाऊ. दोघांच्या घरांमध्ये एक भिंत आणि दोघांत कित्येक वर्षांचा अबोला. भांडण झालं होतं वावराच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरीच्या झाडावरून. बोर केव्हाच वाळून चुलीत गेली, अबोला मात्र हिरवागार होता.

आणि हे पुंडलिकराव फोटो टाकताना नाव देत होते आपलं आणि नंबर भावाचा!

"काका, तुमच्यापाशी सोताचा फोन हाये ना?" सेंटरवर आलेल्या पुंडलिकरावांना प्रफुल्लनं विचारलं.

"हाये. पण त्याचा नंबर पाठ नाई राहत."

"अन् फोटोची लिंक तं पोरगी तुमच्या फोनवरच धाडते. मंग फोल्डरात कायले टाकता?"

"राहू दे ना बाप्पा. तुले काय करा लागते?" पुंडलिकराव उठून चालते झाले.

प्रफुल्लला काहीच करायची गरज नव्हती, म्हणूनच त्यानं केलं. नाव आणि नंबर जुळल्याशिवाय फोल्डर उघडणार नाही, असा नियम स्क्रिप्टमध्ये घातला. पुंडलिकरावांसाठी वेगळं फोल्डर काढून सगळे फोटो तिकडं हलवले. ज्याचं त्याला. साधनाला दाखवून शाबासकीही मागितली, ती काही मिळाली नाही.

बाजाराच्या दिवशी डोमाजीकाका आले. फोल्डर उघडलं. आत पीकविम्याची पावती आणि मातीचा अहवाल. काकांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, माऊस हलवून पाहिला. चहा तसाच गार झाला.

"प्रफुल्ल, हे मशीन बिघडलं का?"

"नाई काका, आता सुदरलं. तुमच्यात दुसऱ्याचे फोटो येत होते, काढून टाकले."

काकांनी खुर्ची जवळ ओढली. मग आवाज खाली करून म्हणाले, "अन् त्याचे आकडेबी बंद झाले. दर आयतवारी माह्या फोनवर येत. म्या आंगनात जाऊन बांड्याले मोठ्यानं सांगो."

"बांड्या कोन?"

"बैल."

"बैलाले ओटीपी?"

"त्याच्याशी मी बोलत नाई ना! बांड्याशी बोलतो. भितीपल्याड कोनाले आयकू गेलं तं माहा काय गुन्हा?" काका उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "या आयतवारी आकडेच नाई आले. बरा हाये ना तो? अन् पोट्टी... बसाले लागली का?"

आपण फायली वेगळ्या केल्या असं प्रफुल्लला वाटत होतं; केलं होतं भलतंच. झेरॉक्सपाशी साधना पाठमोरी उभी होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "या शहाण्याले कोन सांगावं," एवढंच ती म्हणाली.

त्यानं लगोलग नियम काढून टाकला, फोटो परत जागेवर नेले आणि पुंडलिकरावांना फोन लावला. "काका, तुमचा नंबर आमच्या स्क्रिप्टले चालत नाई. डोमाजीकाकाचाच टाकत जा."

"म्या पहिलेच म्हटलं होतं!" पुंडलिकराव खुशीत ओरडले.

तरी खात्री करायला म्हणून तो रविवारी डोमाजीकाकांच्या घरी गेला. तुळसाबाईंनी चहा ठेवला. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काका चष्मा लावून अंगणात गेले, बैलासमोर उभे राहिले आणि दवंडी दिल्यासारखे ओरडले, "बांड्या! चार, नऊ, आठ, दोन!"

बांड्या कडबा खात होता. त्याला ही सवय होती.

मग भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "तिसरा आकडा काय म्हटला?"

चूल फुंकता फुंकता तुळसाबाई थांबल्या. काकांनी आधी बैलाकडे निरखून पाहिलं, जणू त्यानंच विचारलं होतं. मग त्यालाच उत्तर दिलं, "आठ."

आणि हळूच पुढं म्हणाले, "पोट्टीले दात आले का?"

"टाकून राह्यलो ना दादा फोल्डरात," भिंत म्हणाली. "पाह्यजो."